गोळी न घेता दुखणं सोसणं हा कसला पराक्रम?

कोथरूडची_काकू: काल इथे एकांनी लिहिलं, ‘गुडघ्यासाठी गोळ्या खाणारे आळशी. व्यायाम करा, सगळं बरं होतं.’ डोकंच फिरलं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचा व्यायाम मी गोळी घेतल्यावर तासाभराने करते. गोळीशिवाय तसाच केला तर दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. डॉक्टरांनी किडनीसाठीची क्रिएटिनिनची रक्ततपासणी बघून, मोजक्या दिवसांपुरती लिहून दिलीय. आळस कुठे आला यात?

बाणेर_बारबेल: बरं, ‘आळशी’ मागे घेतो. पण मेडिकलवाल्याला नुसतं ‘कंबर दुखतेय’ म्हणा, चार सुट्या गोळ्या हातावर ठेवतो. माझ्या मामांनी बीपीच्या औषधांबरोबर डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी अशीच वर्षानुवर्षं खाल्ली. किडन्या बसल्या. त्यांनाही सांगा पराक्रमाचं!

पेठेतला: आधी कंबरा मोडतात कशाने ते बघा. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशोबाने गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच हवा. आमच्या गल्लीत टोपलं पालथं घातलंय. पांढरे पट्टेही नाहीत.

सिंहगडरोड_त्रस्त: टोपलं परवडलं. आमच्याकडे रबरी पट्ट्या निम्म्या उखडल्यात, खिळे वर आलेत. स्लिप डिस्कवाल्याने गाडी चालवायची कशी?

बाणेर_बारबेल: विषय गुडघ्यांचा आहे हो.

पेठेतला: मग गुडघे काय विमानाने जातात? ही सोसायटीवाली मंडळी रातोरात सिमेंट ओतून मोकळी होतात.

सचिव_नाइलाजाने: ओतलं आम्ही. शाळेसमोर राहायला या. रिक्षाने पोरगी उडवली तेव्हा तुमची मापाची टेप कुठे होती?

पेठेतला: म्हणून म्हाताऱ्यांचे मणके खिळखिळे करायचे?

डेक्कन_फिजिओ: भांडण झालं असेल तर बोलू? जुनाट कंबरदुखीवर डब्ल्यूएचओने २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम आहे, आयबुप्रोफेनच्या जातीच्या दुखण्यावरच्या गोळ्याही आहेत. ट्रॅक्शन म्हणजे कंबरेला ताण देणं, अल्ट्रासाउंडचा शेक, टेन्स म्हणजे वायरी लावून सौम्य करंट देणं, कंबरेचा पट्टा यांना मात्र नकार आहे. अफूच्या वर्गातल्या औषधांनाही.

कोथरूडची_काकू: अस्सं! मग माझ्याकडून पॅकेजचे पैसे आगाऊ घेऊन रोज वायरीच का लावल्या? व्यायामाची झेरॉक्स तेवढी हातात दिली, तीही पुसट. एकदाही कुणी करून दाखवला नाही.

डेक्कन_फिजिओ: चूकच ती. पण आम्ही नुसता व्यायाम शिकवला की पेशंट विचारतात, ‘मशिन लावलं नाही, मग पैसे कशाचे?’

कोथरूडची_काकू: मी नव्हतं विचारलं.

बाणेर_बारबेल: ठीक आहे, घ्या गोळी. पण मेडिकलवाल्याला विचारून नको, एवढं तरी मान्य?

कोथरूडची_काकू: ते वरच लिहिलंय. वाचायचाही व्यायाम करत जा.

पेठेतला: सचिवसाहेब, पांढरे पट्टे कधी मारताय?