मदत हवी आहे: नॅफिऑनवर उमटवलेले चर उकळल्यावर गायब

नमस्कार मंडळी,
एमटेकच्या प्रकल्पासाठी हायड्रोजन फ्युएल सेलवर काम करतोय आणि महिनाभर एकाच जागी अडकलोय.

सेलमधली अभिक्रिया घडवणारा प्लॅटिनमचा कण (उत्प्रेरक) कामाला यायचा तर त्याच्यापाशी तिघांची गाठ पडावी लागते: प्रोटॉन नेणारं मेंब्रेन, इलेक्ट्रॉन नेणारा कार्बन आणि गॅस. सपाट मेंब्रेनवर अशा जागा कमी, म्हणून नॅफिऑन २१२ या पॉलिमरच्या मेंब्रेनवर (जाडी जेमतेम ५० मायक्रॉन) बारीक चर पाडतोय. चर ५ मायक्रॉन रुंद, तेवढ्याच अंतरावर, ३ मायक्रॉन खोल. कागदावर तरी पृष्ठभाग ६० टक्क्यांनी वाढतो!

सिलिकॉन वेफरवरून पीडीएमएसचा (रबरासारख्या सिलिकोनचा) साचा काढला. मेंब्रेनवर ठेवून हॉट प्रेसमध्ये १२० अंशांना १० मिनिटं दाबलं, दाबाखालीच गार केलं. चर झकास आले. तुकडा उजेडात तिरका धरला की सीडीसारखे रंग दिसायचे.

मग नेहमीची धुलाई: ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, पाणी, अर्धा मोलर सल्फ्युरिक आम्ल, पुन्हा पाणी. प्रत्येकी तासभर, ८०-९० अंशांना. बाहेर काढलं तर रंग गेलेले, चरांच्या जागी पुसट लाटा. फुगलं असेल म्हणून वाळवून पाहिलं, तरी तेच. सर म्हणतात दाब वाढव, पण पीडीएमएस मऊ, साचाच दबून चपटा होतो. तापमान १४० ला नेऊ का? तुकडे संपत आलेत आणि नवीन मागवायची हिंमत नाही.

प्रतिसाद १:
दाबाचा दोष नाही रे. नॅफिऑनला जुना आकार आठवतो. ते एका ठरावीक तापमानाला मऊ होत नाही, साधारण ५५ ते १३० अंशांच्या पट्ट्यात हळूहळू सैल होतं. तुझे चर गार होताना नुसते गोठले होते. गरम पाण्यात ते परत सपाट झालं. धुलाई आधी कर, चर नंतर. पण सेल ८० अंशांना ओलसर चालवणार असशील तर तिथेही हेच होईल. त्यापेक्षा नॅफिऑनचं द्रावण थेट साच्यावर ओत, वाळव आणि मग भट्टीत तापव. म्हणजे चर हाच त्याचा मूळ आकार. आणि इलेक्ट्रोड हॉट प्रेसने चिकटवू नकोस, प्लॅटिनम-कार्बनची शाई थेट चरांवर फवार.

धागाकर्ता:
अरे देवा, आणि मी साच्याला शिव्या घालत होतो. द्रावण ५ टक्क्यांचं आहे. ५० मायक्रॉनसाठी एकदाच ओतू की थरांथरांनी? एकदाच ओतलं तर वाळताना तडे जातील अशी भीती वाटते.