पुस्तक मिटा आणि सांगायला लावा

'धडा चार वेळा वाचूनही मुलीच्या लक्षात राहत नाही' असं वर एका ताईंनी लिहिलंय. ताई, पाचव्यांदा वाचून घेऊ नका. पुस्तक मिटा आणि काय वाचलं ते तिला तिच्या शब्दांत सांगू द्या. अडखळेल, अडखळू द्या. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी संशोधकांनी हे तपासलं होतं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना ४२ टक्केच आठवलं. न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

आमच्याकडे भाचा आजीचा मास्तर होतो. आजी मुद्दाम म्हणते, 'पाव भाकरी तिसऱ्या हिश्शापेक्षा मोठी, चार तिनापेक्षा मोठे ना!' मग हा ताटात भाकरी मोडून तिला पटवतो. अपूर्णांक असे पक्के बसले, वहीतल्या गणितांनी नव्हे.

खेळातून शिकवायला महागडं साहित्य लागतं, हे मला अजिबात पटत नाही. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडला शिंपले, बिया, पानं घेऊनच मुलांना शिकवलं. मुलगी कितवीत आहे? तिचा एखादा धडा सांगा, त्यावर खेळ सुचवते.