अनुभव धागा: वजन उतरवताना चार ते आठच्या भुकेचं काय करता?

नाश्ता आणि दुपारचा डबा इथवर बहुतेकांचं बरं चालतं. गाडी घसरते ती संध्याकाळी. ऑफिसात चहाबरोबर फरसाण फिरतं, स्टेशनाबाहेर वड्यांचा घाणा चालू असतो आणि घरी कुकर होईपर्यंत हात चिवड्याच्या डब्यात. ज्यांनी या वेळेची आधीच सोय लावली आणि चवीनं खाऊन वजन उतरवलं, त्यांनी लिहा. नुसत्या काकडीवर दिवस काढल्याच्या शौर्यकथा नकोत!

ठाणे_स्लो
सीएसएमटीहून भुकेल्या पोटी गाडीत चढलं की ठाण्याला पाय आपोआप वड्याकडे वळतात. म्हणून पाचलाच डबी उघडते. भाजलेले चणे, थोडे शेंगदाणे, वर लिंबू आणि चाट मसाला. 100 ग्रॅम चण्यांत साधारण 20 ग्रॅम प्रथिनं असतात, मूठभर खाल्ले तरी आठपर्यंत पोट धरतं. शेंगदाणे मात्र मोजूनच, 100 ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी. अख्खा पुडा ऑफिसात नेला तर तो संपतोच (निदान माझा तरी), त्यामुळे रविवारी बसून आठवड्याच्या डब्या भरून ठेवते. वडापाव सोडलेला नाही. शुक्रवारचा ठरलेला, लसणीची चटणी जास्त मागून, सावकाश.

खारदांडेकर
मासे कमी करा म्हणणारीला आमच्या आईने चहासुद्धा विचारला नसता. तळण कमी केलं, मासे नाहीत. बांगड्याला चिरा पाडून हळद, मीठ, आगळ आणि मसाला चोळायचा, अर्धा तास मुरू द्यायचा. तवा चांगला तापला की चमचाभर तेल, आणि झाकण अजिबात नाही, नाहीतर वाफेने साल मऊ पडते. ओल्या बोंबलांना रव्याऐवजी हिरव्या वाटणाचं कालवण. भात मूदभर, पडवळाची किंवा कोबीची भाजी ताटात आधी. बायकोच्या मते आता मी जास्त चांगलं जेवतो. संध्याकाळचं खाणं म्हणाल तर ताक आणि एखादं फळ, बास.

गिरगावची_मावशी
आमच्या घरी एकादशी आणि दुप्पट खाशी! साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्यात कूट, तूप आणि बटाटा. आता उपवासाला राजगिऱ्याची भाकरी, दही आणि भोपळ्याचं भरीत करते. खरी गंमत चहात होती. चमचा पाच ग्रॅमचा धरा, कपाला दोन चमचे, दिवसाचे चार कप. झाली 40 ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेची 2015 ची सूचना बघा, वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असलेली उत्तम. एकदम फिका चहा मला घशाखाली उतरत नाही, म्हणून दर पंधरवड्याला पाव चमचा कमी करत गेले. आलं आणि गवती चहा दणकून घालते. ह्यांना अजून पत्ता नाही.

रात्रपाळी_अंधेरी
पहाटे तीनला दोन उकडलेली अंडी, मीठ-मिरी. बारा ग्रॅम प्रथिनं, सोलायला दोन मिनिटं. कॅन्टीनमधली नूडल्स बघून तोंडाला पाणी सुटतं, खोटं कशाला बोलू?

ठाणे_स्लो
@रात्रपाळी, सुकी भेळ करून बघा ना. कुरमुरे, मोड आलेली वाफवलेली मटकी, कांदा, टोमॅटो, कैरी, हिरवी चटणी. शेव फक्त चिमूटभर वरून. सगळं सुटं न्यायचं आणि खाताना कालवायचं, आधी कालवलीत तर लगदा होतो.

परळ_पूर्व
आंब्याच्या दिवसांत काय करता? आमच्याकडे पेटी आली की जेवणानंतर प्रत्येकी दोन फोडून होतात.

गिरगावची_मावशी
@परळ, जेवणानंतर खायचाच नाही. चार वाजताचं खाणं म्हणजे हापूस, एक, अख्खा, बाठ चोखून. त्या दिवशी चणे नाहीत, बिस्कीट नाही. आमरस-पुरी पाहुणे आले तरच, आणि त्या जेवणात भात नाही. पेटी मात्र लवकर संपवायची घाई करू नका, पिकलेले फ्रीजमध्ये चार दिवस सहज राहतात.