लहान मूल आणि गुडघेदुखीवाल्या सासूबाई, दोघींना झेपेल अशी झाडीतली फेरी मुंबईत कुठे?

ठाणेकर_अनघा:
लेक पाच वर्षांची आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे चढ-उतार नको. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात रविवारी गेलो, तर गर्दीत अर्धा जीव गेला. झुले-घसरगुंडीची बाग नको, खरी झाडं हवीत. तासाभरात होईल असं काही सुचवा ना.

माटुंग्याच्या_बाई:
अनघा, महाराष्ट्र निसर्ग उद्यानात जा. सायन-वांद्रे लिंक रोडवर, धारावी डेपोजवळ. सायनला पश्चिमेला उतरायचं, रिक्षावाल्याला "धारावी डेपो" सांगायचं. मी शाळेत विज्ञान शिकवायचे तेव्हा मुलांना तिथेच न्यायचे, आता नातवाला नेते.

वाटा सपाट आहेत आणि वर दाट सावली आहे. जागा साधारण ३७ एकर. सगळी फिरायचा हट्ट धरू नका, सासूबाईंना दमल्यासारखं वाटलं की तिथूनच मागे वळा.

एक गोष्ट लेकीला जरूर सांगा. सत्तरच्या दशकापर्यंत इथे शहराचा कचरा टाकत. त्याच कचऱ्यावर माती घालून हे रान माणसांनी लावलंय. १९८३ मध्ये डॉ. सालिम अलींच्या हातून पहिलं झाड लागलं आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. आमच्या वर्गातली धारावीची मुलं हे ऐकून एकदम गप्प व्हायची, मग पायाखालची माती उकरून बघायला लागायची. मी कधी अडवलं नाही.

पहाटे उठून धावपळ करायची गरज नाही. पक्ष्यांसाठी लवकर गेलेलं बरं, पण फुलपाखरं ऊन अंगावर घेतल्याशिवाय उडत नाहीत. नऊनंतर त्यांची खरी वेळ. पावसाळा सरल्यावर गेलात तर सर्वात छान. हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू शोधा, पंखांच्या खालच्या बाजूला पिवळा आणि लाल रंग असतो. ते उंचावर घुटमळतं, कारण त्याच्या अळ्या बांडगुळाची पानं खातात. तेव्हा आधी झाडावरचं बांडगूळ हेरायचं आणि तिथेच नजर ठेवायची.

पानं एकमेकांना चिकटवून केलेला चेंडूएवढा गोळा दिसला तर थांबा. ते ओंबिलांचं घरटं, म्हणजे तांबड्या चावऱ्या मुंग्यांचं. कामकरी मुंग्या रांगेत उभ्या राहून पानाच्या कडा ओढून धरतात. दुसऱ्या मुंग्या आपल्याच अळ्या तोंडात धरून इकडून तिकडे फिरवतात, अळीतून रेशीम निघतं आणि त्याने पानं जोडली जातात. नातू या एका घरट्यापाशी इतका रमला की पुढे यायलाच तयार होईना! फांदीला हात लावू देऊ नका, कडाडून चावतात.

वंचक:
बाईंशी सहमत. फक्त डासांचं सांगायचं राहिलं. मुलीला पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायघोळ पँट घाला, मलम घरूनच लावून निघा. मिठी नदीच्या बाजूला ओहोटीला वास येतो, पण तिकडची तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, जरूर बघा. चिखलातून वर आलेली पेन्सिलीसारखी मुळं लहान मुलांना फार आवडतात. तिवर त्यातूनच श्वास घेतं. पलीकडच्या काठावर बीकेसीच्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या, काचेच्या इमारती दिसतात.

ठाणेकर_अनघा:
किती छान सांगितलंत बाई! सासूबाई आत्ताच विचारतायत, सीता अशोक आहे का तिथे? त्यांच्या माहेरच्या अंगणात होता. आणि डबा नेला तर चालेल का?

माटुंग्याच्या_बाई:
सीता अशोक आहे. फुलोरा बघायचा तर फेब्रुवारी-मार्चमध्ये या, केशरी गुच्छ थेट जुन्या फांद्यांवर येतात. सासूबाईंनाच पुढे करा, झाड त्या ओळखतील आणि नातीला दाखवतील. माझ्याकडून त्यांना नमस्कार सांगा.

डब्याचं दारावरच विचारून घ्या. मी तर मुलांना निघायच्या आधी पोटभर पोहे खाऊ घालते आणि बरोबर फक्त पाणी ठेवते. खाऊ हातात असला की मुलांचं लक्ष झाडांकडे राहत नाही. निघण्याआधी फोन करून उद्यानाची वेळ मात्र नक्की विचारा, ठाण्याहून येऊन दार बंद दिसायला नको.