लोपेझ यांचं नावही घ्यायला हवं

फिलिपिन्समधल्या भाषांचा तौलनिक अभ्यास अमेरिकन आणि जर्मन लोकांनीच केला, असा सूर इथल्या चर्चेत दिसतो; तो मला पुरता पटत नाही. सुरुवात त्यांनी केली हे खरंच. 'सहा'ला टागालोगमध्ये 'अनिम', सेबुआनोत 'उनोम', कपाम्पांगनमध्ये 'अनम', म्हणजे मूळ एकाच स्वराची भाषागणिक वेगळी रूपं. हा नियम अमेरिकन अभ्यासक कॉनंट यांनी १९१२ मध्येच मांडला होता.

पण सेसिलिओ लोपेझ यांना कसं वगळणार? हा फिलिपिनो माणूस हॅम्बुर्गला गेला आणि जर्मन भाषाशास्त्रज्ञ ओटो डेम्पवोल्फ यांच्या हाताखाली १९२८ मध्ये डॉक्टरेट घेऊन आला. (डेम्पवोल्फ मुळात डॉक्टर, औषधवाले!) प्रबंधाचा विषय टागालोग आणि इलोकानो यांची तुलना. पुढे डेम्पवोल्फ यांनी ऑस्ट्रोनेशियन भाषाकुळाच्या (फिलिपिन्स, इंडोनेशिया वगैरे भागांतल्या भाषांच्या) मूळ भाषेची ध्वनिव्यवस्था उभी केली, त्यासाठी निवडलेल्या तीन भाषांतली एक टागालोगच होती. आधी हा जाणता टागालोग भाषक विद्यार्थी म्हणून समोर बसलेला होता, हा मला तरी निव्वळ योगायोग वाटत नाही. अर्थात हा माझा तर्क.

परतल्यावर लोपेझ यांनी फिलिपिन्स विद्यापीठात शिकवलं, राष्ट्रभाषा संस्थेतही काम केलं. त्याच विद्यापीठातल्या कॉन्सुएलो पाझ यांनी १९८१ मध्ये 'आद्य-फिलिपाइन' म्हणजे फिलिपिन्समधल्या भाषांच्या समान पूर्वज भाषेच्या पुनर्रचनेवर पुस्तक काढलं. अशी एकच आद्यभाषा खरंच होती का, यावर ब्लस्ट आणि रीड या भाषाशास्त्रज्ञांची अलीकडे चांगलीच जुंपली होती. मला रीड यांची शंका रास्त वाटते, पण त्यावर स्वतंत्र धागा काढू.