मदत हवी आहे: वस्तुमान आणि बल यांच्या व्याख्यांतला अन्योन्याश्रय दोष मानायचा का?

नमस्कार. न्यायशास्त्रातली (भारतीय तर्कशास्त्रातली) लक्षणाची, म्हणजे व्याख्येची, चर्चा वाचतेय. गाईचं लक्षण म्हणून गळ्याखालची पोळी (लोंबती कातडी) का चालते ते पटलं, कारण गाय म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्यालाही पोळी दिसते. 'अ' कळायला 'ब' आणि 'ब' कळायला 'अ' लागला की अन्योन्याश्रय, हेही कळलं. अडलंय ते भौतिकशास्त्रापाशी.

न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'तली (१६८७) पहिलीच व्याख्या अशी: द्रव्याचं परिमाण, म्हणजे वस्तुमान, घनता आणि आकारमान यांवरून ठरतं. पण घनता म्हणजे एकक आकारमानातलं वस्तुमानच ना? भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माखने १८८३ मध्ये नेमकं हेच दाखवलं आणि वेगळी वाट काढली. दोन वस्तूंनी एकमेकींना दिलेली त्वरणं मोजायची. त्यांचं व्यस्त गुणोत्तर हेच वस्तुमानांचं गुणोत्तर. यात वस्तुमान आधी माहीत असावं लागत नाही. मग बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण.

हे मला फार आवडलं होतं. पण त्वरण मोजायचं कुणाच्या सापेक्ष? जडत्वीय चौकटीच्या. ती ओळखायची कशी? तिच्यात बल न लागलेली वस्तू सरळ रेषेत, एकसमान वेगाने जाते. आणि बल लागलेलं नाही हे कशावरून? त्वरण नाही यावरून!

मग 'वस्तुमान' या शब्दाला स्वतःचा अर्थ मिळतो कुठे? 'सगळ्याच व्याख्या शेवटी फिरून तिथेच येतात' एवढ्याने समाधान होत नाही. पोकळ व्याख्या आणि ही, यांत फरक आहे असं मनापासून वाटतं, पण तो मांडता येत नाहीये.

प्रतिसाद १
गणिती हिल्बर्टने १८९९ मध्ये भूमितीत बिंदू, रेषा यांच्या सुट्या व्याख्या केल्याच नाहीत. त्यांचे परस्परसंबंध सांगणारी गृहीतकंच त्यांचा अर्थ ठरवतात असं मानलं. तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेला ते अजिबात मान्य नव्हतं, दोघांचा पत्रव्यवहार जरूर वाचा. तुमची संज्ञाही तशीच, गटाने अर्थ मिळवणारी आहे. मात्र भौतिकशास्त्रात गट जगाला टेकावा लागतो. टक्कर, स्प्रिंगची आंदोलनं, तराजू अशा वेगवेगळ्या मार्गांनी तेच वस्तुमान मिळतं. ते न जुळण्याची शक्यता होती. पोकळ व्याख्येत ती शक्यताच नसते.

धागाकर्ती
'न जुळण्याची शक्यता' हा फरक मला हवा होता, आभार. पण तराजू तर गुरुत्वीय वस्तुमान (गुरुत्वाकर्षण किती जाणवतं ते) तोलतो, जडत्व (त्वरणाला होणारा विरोध) नव्हे. मग दोन्ही एकच, हे आपण गृहीत धरतोय का?

प्रतिसाद १
नाही, ते तपासलेलं आहे. भौतिकशास्त्रज्ञ एट्व्होशने पीळाच्या तराजूने (तारेला पडणाऱ्या पिळावरून सूक्ष्म बल मोजणाऱ्या उपकरणाने) वेगवेगळ्या पदार्थांवर हेच पाहिलं आणि त्याला फरक आढळला नाही. जडत्वीय चौकटीबद्दलची तुमची शंका मात्र याने सुटत नाही. बल लावणारा स्रोत सापडतो की नाही, या बाजूने ती पुन्हा मांडून बघा.