मदत हवी आहे : कपाशीत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या शरीरात कीटकनाशक किती जाते, हे मोजायचे कसे?

नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्यात मी ग्रामीण आरोग्याचे काम करते. शिक्षणाने डॉक्टर आहे, रसायनशास्त्रज्ञ नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न येथे मांडत आहे. येत्या खरिपात आमच्या कामाच्या अकरा गावांतील साधारण साठ गरोदर शेतमजूर स्त्रियांच्या लघवीचे नमुने घेऊन, फवारणीच्या दिवसांत त्यांच्या शरीरात कीटकनाशके किती जातात हे मोजण्याचा आमचा विचार आहे. हाताशी पैसा थोडा आहे आणि चूक झाली तर तिची किंमत त्या स्त्रियांनाच मोजावी लागेल, त्यामुळे पहिली बाटली भरण्यापूर्वीच जाणकारांचा सल्ला हवा आहे.

हे काम मनात कसे आले ते सांगते. गेल्या वर्षी सप्टेंबरात पाचव्या महिन्यातली एक बाई निंदणाहून घरी आल्यावर चक्कर, मळमळ आणि डोकेदुखीने हैराण झाली. घरच्यांनी तिला एका खाजगी दवाखान्यात नेले, तेथे रक्तातील कोलिनेस्टरेज (काही कीटकनाशकांमुळे कमी होणारे विकर, म्हणजे एन्झाइम) तपासले गेले आणि आकडा छापील मर्यादेपेक्षा कमी आल्याने ‘अंगात विष भिनले आहे’ असे सांगण्यात आले. तीन आठवडे तिची रोजी बुडाली आणि मूल ठेवायचे की नाही इथपर्यंत घरात बोलणी गेली. कागद माझ्या हाती आला तेव्हा ध्यानात आले की तपासणी रक्तद्रवातील कोलिनेस्टरेजची होती. हे विकर गरोदरपणात, कोणत्याही विषाशिवाय, पहिल्या तिमाहीपासूनच सुमारे पाव हिश्श्याने उतरते. कागदावरची मर्यादा मात्र गरोदर नसलेल्यांची होती. फवारणीचा हंगाम सुरू होण्याआधीचा तिचा स्वतःचा आकडा कोणाकडेच नव्हता. त्यामुळे ‘तुला विषबाधा झाली’ असेही मला तिला सांगता आले नाही आणि ‘झाली नाही’ असेही सांगता आले नाही. ती माझ्यासमोर बसून उत्तराची वाट पाहत होती, आणि त्या वेळी आलेली असहायता अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

२०१७ च्या फवारणीच्या हंगामात आमच्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. तेव्हा चर्चा झाली ती पाठीवर पंप घेणाऱ्या पुरुषांची, आणि ती योग्यच होती. परंतु त्या पंपासाठी विहिरीवरून पाणी वाहून आणणारी, डब्यात औषध कालवताना शेजारी उभी असणारी, फवारा मारलेल्या पट्ट्यात दुसऱ्याच दिवशी निंदायला बसणारी आणि संध्याकाळी नवऱ्याचे भिजलेले कपडे घरच्या कपड्यांबरोबर हाताने धुणारी स्त्री या हिशेबात येत नाही. कीटकनाशक मुख्यतः कातडीवाटे शरीरात जाते, आणि या प्रत्येक कामात तिची कातडी उघडीच असते. वेचणीच्या वेळी तर कापूस भरण्याची झोळी ती कमरेला, थेट पोटाशी बांधते. सातव्या महिन्यातली बाईही तशीच वेचते, कारण मजुरी किलोवर मिळते.

आता माझ्या अडचणी.

पहिली अडचण प्रश्नावलीची आहे, आणि ती मला अगदी अनपेक्षित होती. आमच्याकडे कीटकनाशकाला सगळे ‘औषध’च म्हणतात. ‘या आठवड्यात औषधाशी संबंध आला का?’ असे विचारले की गरोदर बाई लोहाच्या गोळ्यांविषयी सांगू लागते. ‘कोणते औषध मारले?’ याचे उत्तर बहुधा ‘मालकाने आणले होते’ असे येते. नाव ठाऊक नसेल, तर प्रयोगशाळेत नेमके कशासाठी शोध घ्यायचा हेच ठरत नाही.

दुसरी अडचण वेळेची आहे. ऑरगॅनोफॉस्फेट, पायरेथ्रॉइड आणि निओनिकोटिनॉइड या कीटकनाशकांच्या तिन्ही गटांतील रसायनांचा शरीरातला बराचसा अंश एक ते तीन दिवसांत लघवीवाटे निघून जातो, असे मी वाचले आहे. आम्हाला सोयीची तारीख म्हणजे महिन्याची ९ तारीख, कारण त्या दिवशी सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीसाठी बऱ्याच जणी प्राथमिक आरोग्य केंद्रात येतात आणि लघवी तशीही घेतली जाते. परंतु ती त्या दिवशी शेतात गेलेली नसते, आणि आदल्या दोन दिवसांत तिच्या पट्ट्यात फवारणी झाली होती की नाही हा केवळ योगायोग असतो. असा एक नमुना घेऊन आपण बाईचा नेहमीचा संपर्क मोजतो, की फक्त तिचा तो एक दिवस मोजतो?

तिसरी अडचण लघवीच्या पातळपणाची. उन्हात राबून आलेल्या बाईची लघवी दाट असते आणि सकाळी घरून निघालेल्या बाईची पातळ, त्यामुळे नुसती मात्रा तुलनेला उपयोगी नाही. सामान्यतः क्रिएटिनिनच्या (स्नायूंत तयार होऊन लघवीवाटे बाहेर पडणाऱ्या टाकाऊ पदार्थाच्या) प्रमाणात आकडा मांडतात. परंतु गरोदरपणात मूत्रपिंडातून होणारे गाळण जवळजवळ दीडपट होते, मग क्रिएटिनिनवर विसंबावे का?

आणि शेवटचा प्रश्न, जो मला सर्वांत जड वाटतो: आकडा हाती आल्यावर त्या स्त्रीला काय सांगायचे?

*

प्रतिसाद १

मी विश्लेषण प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे माझ्या बाजूचे तेवढेच लिहितो. ताई, आधी हे ठरवा की मूळ कीटकनाशक शोधायचे आहे की त्याचे शरीरात होणारे अवशेष. लघवीत बहुधा अवशेषच सापडतात. क्लोरपायरीफॉसचा ट्रायक्लोरोपिरिडिनॉल आणि प्रोफेनोफॉसचा ब्रोमोक्लोरोफेनॉल हे त्या त्या रसायनाकडे पुरेसे नेमके बोट दाखवतात. सायपरमेथ्रिनसारख्या अनेक पायरेथ्रॉइडांपासून फेनॉक्सिबेन्झोइक आम्ल होते, ते गट सांगते, नाव सांगत नाही. डायअल्किल फॉस्फेट नावाचे सहा अवशेष ऑरगॅनोफॉस्फेट गटासाठी जगभर मोजले जातात, पण त्यांत एक खोच आहे: कीटकनाशक भाजीवर किंवा फळावरच मोडून हेच अवशेष तयार होतात आणि जेवणातून जसेच्या तसे पोटात जातात. म्हणजे आकडा दिसतो, पण तेवढे विष शरीरात गेलेले नसते. शेतातला संपर्क शोधायचा असेल तर नेमक्या अवशेषांवर भर द्यावा.

पातळपणासाठी गरोदर स्त्रियांच्या बाबतीत मी विशिष्ट गुरुत्वाची (लघवी पाण्याच्या तुलनेत किती जड आहे याची) दुरुस्ती वापरेन. हातात धरण्याचा अपवर्तनमापी (थेंबातून जाताना प्रकाश किती वळतो यावरून दाटपणा दाखवणारे उपकरण) त्याला पुरतो आणि नमुना घेताक्षणी दोन थेंबांत वाचन होते. क्रिएटिनिनही मोजून ठेवा, परंतु मुख्य आकडा त्यावर उभा करू नका.

नमुना पॉलिप्रोपिलीनच्या बाटलीत घ्यावा, लगेच बर्फाच्या पेटीत ठेवावा, त्याच दिवशी लहान लहान भागांत वाटून उणे २० अंशांवर गोठवावा आणि वितळवून पुन्हा गोठवणे टाळावे. आरोग्य केंद्रातील लसींच्या शीतपेटीत हे नमुने कृपया ठेवू नका. तेथे लसीखेरीज काहीही ठेवायचे नसते, आणि ते बरोबरच आहे. दर वीस बाटल्यांमागे एका बाटलीत शुद्ध पाणी भरून ती नमुन्यांबरोबरच गावात न्या आणि परत आणा. त्या पाण्यात कीटकनाशक सापडले तर ते बाईच्या शरीरातले नसून तुमच्या गाडीतले, हातातले किंवा त्या अंगणातले आहे हे कळेल. तपासणीच्या शक्यतेसाठी अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेला आधी पत्र लिहावे, आणि नमुने गोळा करण्याच्या आधीच लिहावे.

*

प्रतिसाद २

मी गटप्रवर्तक आहे, दहा वर्षे आशा म्हणून काम केले आहे. मला मशीनचे काही कळत नाही, पण बाया कशा वागतात ते कळते.

औषधाचे नाव विचारू नका, रिकामी बाटली मागा. बाटली नसेल तर लेबलावरच्या त्रिकोणाचा रंग विचारा: लाल, पिवळा, निळा की हिरवा. रंग बायांच्या लक्षात राहतो. प्रश्नही ‘फवाऱ्याचे औषध’ असा पूर्ण विचारावा, नुसते ‘औषध’ म्हणू नये. आणि तारखेने विचारू नका. ‘पोळ्याच्या आधी की नंतर’, ‘बाजाराच्या दिवशी की दुसऱ्या दिवशी’ असे विचारा, उत्तर बरोबर येते.

९ तारखेची वाट पाहू नका. फवारणी कोणत्या शेतात आहे हे आशाताईला आदल्या दिवशीच कळते, कारण पाणी वाहायला कोणाला बोलावले हे गावात सगळ्यांना माहीत असते. बाटली संध्याकाळी घरी द्यावी आणि सकाळी उठल्यावरची पहिली लघवी आशाने जाऊन आणावी. मात्र मालकाच्या किंवा मुकादमाच्या समोर काही करू नका. लघवी तपासायला दिली हे कळले तर पुढच्या आठवड्यात तिला टोळीत घेणार नाहीत, आणि मग हे काम आमच्याच बायांवर उलटेल.

*

प्रतिसाद ३

मी बरीच वर्षे कॅलिफोर्नियात राहते आणि सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात आहे. येथील सॅलिनास खोऱ्यात १९९९ आणि २००० या वर्षांत बर्कलेच्या विद्यापीठाने ब्रेंडा एस्केनाझी यांच्या नेतृत्वाखाली ६०१ गरोदर स्त्रियांना एका अभ्यासात सामील करून घेतले. त्यांतील बहुतेक जणी मेक्सिकन कुटुंबांतील होत्या आणि त्यांची घरे शेतमजुरीशी जोडलेली होती. गरोदरपणात दोनदा लघवी घेऊन डायअल्किल फॉस्फेट मोजले गेले. पुढे ही मुले सात वर्षांची झाली तेव्हा, ज्यांच्या मातांमध्ये अवशेष सर्वाधिक होते त्या पाचव्या हिश्श्यातील मुलांचा बुद्ध्यांक सर्वांत कमी हिश्श्यातील मुलांपेक्षा सरासरी सात गुणांनी कमी आढळला. हा निष्कर्ष शेकडो जणींच्या समूहाचा आहे. एका बाईचा एक आकडा पाहून तिच्या मुलाचे काय होईल हे त्यावरून सांगता येत नाही, आणि ते सांगूही नये. एकाच बाईच्या दोन नमुन्यांत जमीनअस्मानाचे अंतर पडू शकते. म्हणून साठ जणींचा एकेक नमुना घेण्यापेक्षा तीस जणींचे चार-चार नमुने घेणे मला अधिक खरे वाटते. पैसा कमी असेल तर एकाच बाईचे चार नमुने सम प्रमाणात एकत्र करून एकदाच तपासता येतात. त्यात सरासरी मिळते, चढउतार मात्र हरवतो.

कोलिनेस्टरेजविषयी: येथे ठरावीक कीटकनाशके नियमित हाताळणाऱ्या मजुरांचा आधीचा आकडा नोंदवून ठेवावा लागतो. तो २० टक्क्यांहून अधिक उतरला की कामाची पद्धत तपासली जाते, आणि लाल पेशींतील विकर ३० टक्के किंवा रक्तद्रवातील ४० टक्के उतरले की मजुराला त्या कामातून बाजूला केले जाते. गरोदर स्त्रीसाठी हे माप जसेच्या तसे लावता येणार नाही, कारण तिचा पायाच महिन्यागणिक सरकत असतो. तपासायचेच असेल तर लाल पेशींतील ॲसिटिलकोलिनेस्टरेज तपासा आणि ते हिमोग्लोबिनच्या प्रति ग्रॅम मांडा, नाहीतर पंडुरोग असलेल्या बाईचा आकडा उगाच खाली दिसेल. पायरेथ्रॉइड आणि निओनिकोटिनॉइड या विकराला हातच लावत नाहीत, तेव्हा तुमच्याकडे आता जे फवारले जाते त्यातल्या बऱ्याच गोष्टी या तपासणीत दिसणारच नाहीत. मनगटात घालायच्या सिलिकॉनच्या पट्ट्याही एक पर्याय आहे. त्या आसपासची रसायने शोषून घेतात आणि लघवीसारखी घाई नसते. फक्त त्या शरीराबाहेरचा संपर्क सांगतात, आत किती गेले ते सांगत नाहीत.

*

धागाकर्तीचे उत्तर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि इतके नेमके लिहिले, याबद्दल मनापासून आभार.

आम्ही आराखडा बदलला आहे. साठऐवजी तीस जणी; प्रत्येकीचे चार नमुने, त्यांतील पहिला जूनमध्ये फवारणी सुरू होण्याआधी, दोन फवारणीच्या दुसऱ्या सकाळी आणि एक वेचणीच्या काळात. तुलनेसाठी तालुक्याच्या गावातील, शेतात न जाणाऱ्या दहा गरोदर स्त्रियांचे नमुने त्याच महिन्यांत घेऊ, म्हणजे जेवणातून येणारा अंश किती याचा अंदाज येईल. रक्तद्रवातील कोलिनेस्टरेज पूर्णपणे वगळले आहे. नैतिकता समितीची परवानगी मिळेपर्यंत एकही बाटली वाटली जाणार नाही. नमुना घेताना कोणाला लाळ गळणे, दृष्टी धूसर होणे, स्नायू फडफडणे अशी लक्षणे दिसली, तर मोजमाप बाजूला ठेवून तिला लगेच रुग्णालयात पोहोचवायचे, हे लिखित स्वरूपात ठरवले आहे. गटप्रवर्तक ताईंचे म्हणणे प्रमाण मानून बाटल्या घरोघरी आशाताईच पोहोचवतील, आणि मुकादमाच्या कानावर जाणार नाही याची काळजी घेऊ.

मनगटपट्टीचा विषय आम्ही गावातल्या सहा जणींसमोर काढून पाहिला. हिरव्या बांगड्यांबरोबर रबरी पट्टी घालायला कोणाचीच हरकत नव्हती. अडचण निघाली ती भांडी घासताना ती काढून ठेवण्याची. तिची नोंद कशी ठेवावी हे अजून सुटलेले नाही.

आकडा सांगण्याचा प्रश्नही उरलाच आहे. समूहाचा निष्कर्ष गावसभेत सांगावा आणि प्रत्येकीचा आकडा तिने मागितल्यास एकांतात, ‘तुझ्यासारखे काम करणाऱ्यांमध्ये तुझा आकडा कुठे आहे’ एवढेच सांगावे, असे सध्या मनात आहे. परंतु जिचा आकडा सर्वांत वर असेल ती मला विचारेल की उद्या कामावर जाऊ की नको, आणि तिच्या घरात त्या रोजीखेरीज दुसरे काही नसेल. फवारलेल्या पट्ट्याऐवजी दुसरे काम द्या, असे शेतमालकाला तिचे नाव न घेता कोणी आणि कसे सांगावे? मजुरी न बुडवता गरोदर स्त्रीला फवारणीनंतरचे दोन-तीन दिवस त्या शेतापासून दूर ठेवणे कोणत्या गावाने जमवले असेल, तर ते नेमके कसे जमवले, पैसे कोणी दिले आणि शेतमालक कसे राजी झाले, हे कृपया सविस्तर लिहावे. पहिले नमुने जूनच्या पहिल्या आठवड्यात घ्यायचे आहेत.